चौथ्या मुलाचा दाखला

१

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास लाऊ चुई निओ यांनी पूर्वजांच्या देव्हाऱ्याखालचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा वकिलांसमोर उघडला, तेव्हा त्यात एक कागद कमी होता.

डब्यात पाच मुलांचे जन्मदाखले असायला हवे होते. चार निघाले. पहिली तीन मुलं तान्हेपणीच गेली होती, त्यांचे तीन दाखले होते. सगळ्यात धाकट्या चुआनचा होता. चौथ्याचा, बेंग हुआतचा, तेवढा नव्हता. आणि हवा होता तोच.

बेंग हुआत पेनांगच्या तुरुंगात होता. टोळीच्या भांडणात एका हातगाडीवाल्याला लोखंडी सळईने मारून जन्माचा पांगळा केल्याबद्दल झालेली तीन वर्षांची शिक्षा त्या आठवड्यात संपत होती, आणि संपताच त्याला चीनला हद्दपार करण्याचा हुकूम निघाला होता. शनिवारी सकाळी अमॉयचं जहाज सुटणार होतं. हुकूम रद्द होण्याचा एकच मार्ग होता. वसाहतीत जन्मलेला माणूस ब्रिटिश प्रजा ठरतो, आणि ब्रिटिश प्रजेला, तिने काहीही केलेलं असो, वसाहतीबाहेर काढता येत नाही. हुआत इथे, जॉर्जटाऊनच्या काथ्या गल्लीत जन्मला, हे सिद्ध करायला चार दिवस उरले होते.

त्याचे वकील मरिकान दुपारी माझ्या कचेरीत आले. घामाने त्यांची टोपी भिजली होती.

"मिसी, तुमच्या सुईणींनी या गावात काढलेला एक माणूस माझ्याकडून हरवलाय."

"तुरुंगात आहे म्हणालात ना?"

"माणूस जागेवर आहे हो. त्याचा जन्म हरवलाय."

मी सरकारी सुईण-तपासनीस. सुईणींच्या पेट्या उघडून बघायच्या, कात्री उकळतात का ते विचारायचं, त्यांनी सांगितलेले जन्म नोंदणी कचेरीच्या वहीशी ताडून बघायचे, हे माझं काम. नर्स म्हटली की इकडे सगळे 'मिसी' म्हणतात, तसं मलाही म्हणतात.

"मग नक्कल काढा," मी म्हटलं. "दाखला हरवला तरी मूळ नोंद कचेरीत असणारच."

"सकाळीच कारकून बसवला. एकोणीसशे दोन सालचे सगळे मुलगे वाचून काढले त्याने. मागचं वर्ष, पुढचं वर्ष. काथ्या गल्लीत त्याच्या बापाच्या, म्हणजे तेओ आडनावाचा एकही मुलगा नोंदलेला नाही." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "डब्यातला कागद कोणीही उचलील. पण कचेरीतल्या वहीतली ओळ कशी उचलली असेल?"

२

काथ्या गल्लीतलं ते घर म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. खाली खिमचं कॉफीचं दुकान. बुधवारी सकाळी मी जिना चढून गेले, तेव्हा चुई काकी दारातच उभ्या होत्या. साठीला टेकलेल्या, अंगावर इस्त्री केलेलं केबायाचं पोलकं, केसांचा घट्ट अंबाडा.

"गल्लीत येता मिसी, पण वर कधी येत नाही."

"बाळंतपण असलं की येते, काकी."

"मग इथे कशाला याल," त्या म्हणाल्या आणि चहा ओतायला वळल्या.

डबा तिथेच होता. त्याला कुलूप नव्हतं. आतले कागद नीट एकावर एक लावलेले होते, उचकपाचक केल्याची खूण नव्हती. सगळे एकाच छापील नमुन्याचे, इंग्रजीतले.

"हे वाचतं कोण घरात?"

"चुआन. तो शाळेत शिकलाय. मला काय, मुंग्यांची रांग दिसते."

"चुआनचा दाखला दाखवता?"

माझ्याकडे बघतच त्यांनी डब्यात हात घातला, बोटं फिरवली आणि एक कागद काढून दिला. तो चुआनचाच होता. मग मी दुसऱ्या मुलाचा मागितला. तोही तसाच निघाला.

"प्रत्येकाची घडी वेगळी आहे," त्या म्हणाल्या. "पोरांच्या अंगावरून हात फिरवल्यासारखं कळतं."

चुआन कामावर निघाला होता. बोटीच्या कंपनीत कारकून, पंचवीस वर्षांचा, कॉलरला खळ घातलेली.

"दादाचा दाखला कधी वाचलात तुम्ही?"

"आई हात लावू देईल तर ना. आणि त्यात वाचायचंय काय? तेओ बेंग हुआत, मुलगा, काथ्या गल्ली. झालं."

"दादा घरी यावा असं वाटतं?"

"वकिलाकडे मीच गेलो ना?" तो बूट घालत राहिला. नाडी बांधून झाल्यावर म्हणाला, "गल्लीतली माणसं टोचायला लागली होती. सख्खा भाऊ आणि हात बांधून बसलाय म्हणून."

हुआतची बायको पो इम स्वयंपाकघरात शेंगा मोडत होती. मी शेजारी बसून तिलाही विचारलं, हुआत घरी यावा असं वाटतं का. तिने मान सगळीच्या सगळी माझ्याकडे वळवली.

"त्या बाजूने बोलू नका मिसी. डाव्या कानाने मला ऐकू येत नाही."

मी उजवीकडे सरकले आणि पुन्हा विचारलं.

"ऐकलं मी," ती म्हणाली आणि पुढची शेंग घेतली. "डबा सासूबाई बघतात. मला अक्षर येत नाही. मला त्या कागदांतलं एवढंच कळतं की ते कागद आहेत."

निघताना हुआतची सहा वर्षांची मुलगी, आ तिन, वरच्या पायरीवर बसलेली होती. तिने मला वाट दिली नाही.

"बाबा शनिवारी बोटीत बसणार की घरी येणार?"

"अजून ठरलेलं नाही."

"कधी ठरेल?"

सुई टोचणार आहेत का, हे दवाखान्यात मुलं ज्या आवाजात विचारतात, त्या आवाजात तिने ते विचारलं होतं.

३

"चोर खिम, असं लिहा आणि मोकळ्या व्हा," खाली कॉफीवाला म्हणाला. त्याने पेला माझ्यासमोर आपटला, पण थेंबही सांडू दिला नाही. "सगळ्यांच्या मनात तेच आहे."

"तुमच्या मनात काय आहे?"

"माझ्या? हुआत तुरुंगातून निरोप पाठवतोय की सुटलो तर टोळीतल्या सगळ्यांची नावं पोलिसांना देईन. पहिलं नाव माझं. तो शनिवारी गेला तर मी देवळात उदबत्त्यांचा पुडाच्या पुडा लावीन. बास?"

"म्हणजे कारण आहे तुमच्याकडे."

"कारण आहे, वाट कुठाय? ती म्हातारी मला उंबऱ्याच्या आत घेत नाही. चौदा वर्षं खाली भाडं भरतोय, देव्हारा कुठल्या भिंतीला आहे तेसुद्धा मला ठाऊक नाही. आणि इंग्रजी कागद माझ्या हातात आला तर मी त्यात तळलेली केळी बांधून देईन." तो फडक्याने टेबल पुसायला लागला. पुसून स्वच्छ झालेली जागा पुन्हा पुसली. "माझ्या डोक्यावरच त्यांचा जिना आहे मिसी. वर काय चालायचं ते मला इथे ऐकू यायचं."

"काय चालायचं?"

"कॉफी घ्या. गार होतेय."

दुपारी मी तुरुंगात गेले. हुआत मोठ्या हाडापेराचा होता, आवाज मात्र मऊ. शिपायाने बस म्हटल्यावरही आधी मला बसू दिलं त्याने.

"अमॉयला कोण आहे तुमचं?"

"कोणी नाही. बाप तिथून आला होता, तो इथेच मेला. मला तिकडची बोलीसुद्धा धड येत नाही. कोठडीत तिकडचा एक जण आहे, तो हसतो मला. म्हणतो, तू चिनी बोलतोस की मलायी? अर्धे शब्द त्यांचे घालतोस." तो डाव्या कानाची पाळी चोळत होता. पाळीच्या मधोमध जुनं, बुजत आलेलं भोक होतं. सवयीने मी ते वहीत टिपलं. "तिथे उतरवतील धक्क्यावर. मग कुठल्या दिशेला चालू लागायचं, सांगा?"

"दाखला कोणी घेतला असेल?"

"खिमने, नाहीतर कोण? पण होईल काहीतरी. आईची पाच पोरं, उरली दोन. ती मला जाऊ द्यायची नाही."

मी उठले, तेव्हा त्याने विचारलं, "पो इमला सांगाल, मी बदललोय म्हणून?" थोडा थांबून, खाली बघत म्हणाला, "आधीही सांगायचो तिला. पण या वेळी खरंच."

४

गुरुवारी सकाळी मी रोकिया सुईणीकडे गेले. काथ्या गल्लीतली जुनी बाळंतपणं तिच्या आईने, माक सोमने केलेली. माक सोम जाऊन आठ वर्षं झाली होती.

"आईची वही?" रोकिया हसली. "आईला लिहिता कुठे येत होतं, मिसी? कचेरीत जाऊन तोंडी सांगायची. अमक्याची बाई, तमकी गल्ली, मुलगा किंवा मुलगी."

"सांगायला विसरायची कधी?"

"विसरायची नाही. पण..." तिने माझ्याकडे बघितलं. मी तिची तपासनीस होते. "तुम्ही माझ्या पेटीवरून हात काढा, मग सांगते."

मी हात मांडीवर घेतले.

"ज्यांचे मुलगे लागोपाठ जायचे ना, त्या चिनी बायका आईला गळ घालायच्या. मुलगा झाला तरी मुलगी झाली म्हणून बाहेर सांग. मुलग्यांवर वाईट नजर असते त्यांची, भुताखेतांची. मुलगी म्हटलं की सोडून देतात. मग त्या पोराला मुलीचे कपडे घालायचे, नाव मुलीचं ठेवायचं, एक कान टोचून डूल घालायचा. आई गल्लीत तर तसं सांगायचीच. कचेरीतही कधीकधी तसंच सांगून यायची."

"कोणाकोणासाठी?"

"मी सात-आठ वर्षांची असेन. मला काय माहीत?" ती पेटी आवरायला लागली. मग एकदम थांबली. "त्याच घरासाठी विचारताय ना? खिमच्या वर? तिथे मी एकदाच गेलेय. साडेतीन वर्षं झाली. सुनेचा पाचवा महिना होता. जिन्यावरून पडली म्हणाले."

"पडली नव्हती?"

"जिन्यावरून पडलेल्या बाईच्या पाठीवर बुटाच्या टाचेचा वण कसा उमटतो, मिसी? तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगा. पोर गेलं. कानातून रक्त येत होतं ते वेगळंच. सासू माझ्या हाताखाली पाणी देत होती. एक शब्द बोलली नाही."

५

नोंदणी कचेरीतला कारकून मुलग्यांची यादी पुढे ठेवायला लागला. मी म्हटलं, यादी नको, वही द्या. मोजमाप करताना आधीच गाळून घेतलेला नमुना तपासायचा नाही, हे मला प्रयोगशाळेत शिकवलेलं होतं. मरिकानांच्या माणसाने एका लिंगाचे जन्म वाचले होते. मी सगळे वाचायला बसले.

जानेवारी ते जुलै काही नव्हतं. ऑगस्टच्या चौदाव्या नोंदीवर बोट थांबलं.

काथ्या गल्ली. बाप तेओ सून लाय. आई लाऊ चुई निओ. सांगणार: सोम, सुईण. अपत्य: मुलगी. नाव: तेओ किम लान.

मी पुढची सहा वर्षं वाचली. याच आईच्या नावावर पुढची नोंद एकोणीसशे आठची होती, चुआनची. हुआत आज एकतीस वर्षांचा. तो या दोघांच्या मधे कधी जन्मला म्हणावं, तर तशी दुसरी नोंदच नव्हती. आणि काकींना मुलगी होती असं आज गल्लीत कोणीच सांगत नव्हतं. डब्यात पाच दाखले, पाचही मुलग्यांचे, असंच प्रत्येक जण सांगत होता.

वहीतली ओळ कोणी उचलली नव्हती. एकतीस वर्षं ती जागेवर होती.

मी नोंदीचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून शिपायाबरोबर मरिकानांकडे धाडला. ते माझं काम होतं. चिठ्ठी गेल्यावर मी तिथेच बाकावर बसून राहिले, कारण आता दाखला कोणी घेतला तेही मला कळलं होतं.

६

चुई काकी देव्हाऱ्यासमोरची राख सारखी करत होत्या. पो इम मुलीला घेऊन बाजारात गेली होती.

"नोंद सापडली, काकी. किम लानच्या नावाची."

त्यांचा हात थांबला नाही.

"मला आधी वाटलं, घरातल्या किंवा बाहेरच्या कोणीतरी हुआतला घालवायला दाखला चोरला," मी म्हटलं. "पण खिमला डब्यापर्यंत वाट नाही. पो इमला अक्षर येत नाही. कुठला कागद कोणाचा तिला कळणार नाही, तिने घेतले असते तर पाचही घेतले असते. चुआनला वाचता येतं, पण त्याने बेंग हुआत हे नाव शोधलं असतं, आणि ते त्या डब्यात कुठेच नव्हतं. मुलीच्या नावाचा दाखला बघून त्याला वाटलं असतं, हा भलत्याच कोणाचा तरी इथे येऊन पडलाय. कागद एकच गेलाय, नेमका तोच गेलाय आणि बाकीचे हललेले नाहीत. मुलीचा तो दाखला हुआतचा आहे हे माहीत असलेलं माणूस या घरात एकच आहे. आणि ते माणूस कागद बोटांनी ओळखतं."

"चहा घ्याल?"

"नको."

"सोमवारी जाळला," काकी म्हणाल्या. त्या माझ्यासमोर स्टुलावर बसल्या. "चुआन वकिलाला आणतोय म्हटल्यावर. त्याची राख या पोळीत मिसळली."

त्या 'पोळी' म्हणाल्या ती उदबत्त्यांची राख साचून बसलेली थप्पी. तिच्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"तीन गेले होते हो माझे. तिसरा तर हसायला लागला होता. चौथ्या वेळी सोमचे पाय धरले. म्हटलं, साहेबाच्या वहीतसुद्धा मुलगीच लिहायला सांग, कोण कुठे कान लावून बसलेलं असेल. सहा वर्षं त्याला मुलीसारखं सजवलं. लोक हसायचे. हसू देत म्हटलं. एवढा ताप यायचा त्याला, रात्ररात्र घेऊन बसायची, कानात म्हणायची, किम लान, किम लान. नाव घ्यायलासुद्धा भ्यायची त्याचं." त्यांनी पदर नसलेल्या केबायाची कड ओढून नीट केली. "जगला. मग मोठा झाला."

त्यांनी जिन्याकडे बोट केलं.

"जिन्याची वरची पायरी स्वयंपाकघरातून दिसते. मी भात काढत होते. मी बघितलं. पोलिसांत गेले नाही. माझा मुलगा होता ना. रोकियाला पाणी दिलं आणि दुसऱ्या दिवशी जिना धुतला. सहा महिन्यांनी त्याने त्या हातगाडीवाल्याला मारलं आणि पोलीसच घेऊन गेले. तीन वर्षं झाली मिसी. या तीन वर्षांत जिन्यावर पाय वाजला तरी घरात कोणी दचकलेलं नाही. आ तिन झोपेत रडायची थांबली."

"तो म्हणतो, बदललोय."

"म्हणतो ना? गोड बोलतो तो. मला पाठुंगळीला घेऊन पुरातून नेलंय त्याने, माहीत आहे? चुआनने नाही, त्याने." त्यांचा आवाज फाटला आणि त्यांनी तो पुन्हा जुळवून घेतला. "मीही विश्वास ठेवते त्याच्यावर. दर वेळी ठेवते. म्हणूनच जाळला. कागद हाताशी राहिला असता तर मी तो दिला असता."

"काकी, इथे राहायचा त्याचा हक्क आहे. तो इथेच जन्मलाय."

"मला सांगता? मीच होते ना तिथे."

"नोंद मी वकिलांकडे धाडली आहे. उद्या साहेब तुम्हाला विचारतील."

"तुमचं काम तुम्ही केलंत," काकी म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "आता मला विचारू देत."

७

शुक्रवारी दुपारी चिनी लोकांचं खातं बघणाऱ्या साहेबाच्या खोलीत आम्ही पाच जण होतो: साहेब, त्यांचा दुभाषा, मरिकान, चुई काकी आणि मी.

मरिकान चांगलं बोलले. मुलगे जात असले की मुलगी म्हणून नोंदवण्याची रीत त्यांनी समजावून सांगितली. टोचलेल्या कानाचं सांगितलं. वहीतली नोंद पुढे ठेवली. "साहेब, ही जी तेओ किम लान आहे, तीच आज तुमच्या तुरुंगात दाढी वाढवून बसली आहे."

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. "बंदरावरच्या निम्म्या खलाशांचे कान टोचलेले असतात, मिस्टर मरिकान. मला वहीत एक मुलगी दिसते आणि कोठडीत एक पुरुष. दोघं एकच, हे जन्माच्या वेळी हजर असलेल्या कोणी शपथेवर सांगितलं, तर मी हुकूम आत्ता मागे घेतो. बाप नाही, सुईण नाही. आई आहे."

दुभाष्याने विचारलं. काकी उभ्या राहिल्या. त्यांनी दोन्ही हात पोटावर धरले होते.

"मुलगीच होती," त्या म्हणाल्या. "चाळीस दिवसांची होऊन गेली."

मरिकानांच्या हातातला कागद खाली आला. "काकी, नीट ऐका, साहेब काय विचारतायत..."

"ऐकलं मी."

"तिच्या मृत्यूची नोंद नाही," साहेब म्हणाले.

"मुलींची कोण करत होतं तेव्हा, साहेब?"

"मग हा मुलगा?"

"तो तिकडचा. नवऱ्याच्या गावचा. आम्ही आणून वाढवला." प्रत्येक वाक्य त्या वेगळं सांगत होत्या, गरम भांडी एकेक करून खाली ठेवावीत तशा. "पण मुलासारखाच. तसं लिहा, साहेब. मुलासारखाच वाढवला."

साहेबांनी लिहिलं. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही या बाईंशी बोललात. तुम्हाला त्यांनी याहून वेगळं काही सांगितलं?"

मी मरिकानांकडे बघितलं नाही. काकी समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. माझ्या एका वाक्यावर एक माणूस त्याच्या जन्मगावी राहू शकत होता, आणि ते वाक्य खरं होतं.

"दाखला हरवला, एवढंच," मी म्हटलं.

मी खोटं बोलत नाही हे त्या खात्यात सगळ्यांना माहीत होतं. साहेबांनी टोपण घालून लेखणी मिटली.

८

शनिवारी सकाळी धक्क्यावर चाळीसएक माणसं दोन-दोनच्या जोडीने बेड्यांत उभी होती. जहाज लांब नांगरलेलं होतं, तिथपर्यंत त्यांना पडावातून नेणार होते. पो इम आली नव्हती. चुआन आला होता, पण दोरखंडापाशीच थांबला.

काकींनी नवी जाड बंडी शिवली होती आणि आंब्याच्या लोणच्याची बरणी कापडात बांधून आणली होती. शिपायाने बरणी उघडून वास घेतला आणि जाऊ दिली.

हुआतने ती बेडीतल्या हातांनी छातीशी धरली. "खिमला सांग, मी विसरणार नाही," तो म्हणाला. मग लगेच, "नाही, जाऊ दे. काही सांगू नको त्याला. तू जेवत जा."

"जेवते."

"तू एवढी धडपड केलीस. वकील म्हणाला, आई साहेबांसमोर उभी राहिली होती." तो आईच्या उंचीला वाकायला बघत होता, पण बेडीतला जोडीदार मागे होता. "आई, तो कागद कुठेतरी पडलेला असेल. सापडला तर वकिलाकडे दे. मी पहिल्या बोटीने येतो."

"शोधते," चुई काकी म्हणाल्या.

शिपायाने ओळ हलवली. पडाव सुटला. हुआतची पाठ इतरांपेक्षा रुंद होती, त्यामुळे बराच वेळ ओळखू येत होती. तो मागे वळून बघत होता. काकी हात हलवत नव्हत्या, नुसत्या उभ्या होत्या, आणि पडाव जहाजाच्या काळ्या बाजूला लागल्यावरही तशाच उभ्या राहिल्या. चुआनने दोनदा 'चल' म्हटलं.

त्या पेनांगमध्ये जन्मलेल्या. त्यांची आईही इथलीच.

"मिसी," जरा वेळाने त्यांनी विचारलं, "अमॉयला थंडी असते का हो? बंडीत कापूस थोडा कमीच पडला."

मला माहीत नव्हतं. मीही कधी गेले नव्हते.